बिनवासाचं तेल

प्रिय टकळी,

तू मागितलेली बाटली या पत्रासोबत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू पाकीट उलटंपालटं करून बघशील आणि पुढचं सगळं फणकाऱ्यातच वाचशील. राग यायचाच असेल तर शेवटी येऊ दे. अक्षर वेडंवाकडं आलंय, ओळी खाली घसरल्यात, तेही चालवून घे. त्याचं कारणही शेवटीच सांगते.

माझ्या खोलीचं बरं चाललंय. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागची ती अडगळीची खोली तुला आठवत असेल; आता तिथे पलंग आहे, स्वच्छ पांघरुणं आहेत आणि खिडकीला मीच शिवलेला पडदा आहे, एका बाजूने आखूड. परवा एक मुख्याध्यापिका आल्या होत्या. खांदे कानांना टेकलेले, पर्स छातीशी घट्ट. आल्या आल्या म्हणाल्या, "मला तणावबिणाव काही नाही हं, नुसती मान धरली आहे." म्हटलं, ठीक आहे, मानेचंच बघू. तेलात बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या एकेक करून त्यांच्या नाकाशी धरल्या. लॅव्हेंडरला नाक मुरडलं, गवती चहाला शिंक आली आणि संत्र्याच्या सालीच्या तेलाला मात्र डोळे आपोआप मिटले. त्यातले थोडे थेंब बदामाच्या तेलात घालून मी त्यांच्या पावलांना लावायला घेतलं. मान राहिली बाजूला, बाई घोरायलाच लागल्या. उठल्यावर मला दटावून म्हणाल्या, "मी झोपले नव्हते." म्हटलं, छे, तुमची मानच तेवढी झोपली होती! तेव्हा त्या हसल्या, आणि हसता हसता रडल्या. मग कितीतरी वेळ त्या बोलत होत्या आणि मी नुसतं त्यांचं पाऊल धरून बसले होते.

तू मला तेलवाली म्हणतेस. म्हण बापडी. मला त्याचं काही वाटत नाही, कारण मी काय करते आणि काय करत नाही हे मला नीट ठाऊक आहे. ते डॉक्टरीणबाईंनीच पहिल्या दिवशी ठणकावून सांगितलं होतं. फार खडूस आहेत त्या. म्हणाल्या, "तुझ्या तेलाने कुणाचा आजार गेला असं माझ्यासमोर बोलायचं नाही. खांदे उतरले म्हण, ते मला दिसतात. श्वास खोल गेला म्हण. त्यापुढचं काही दिसलं तर माणूस माझ्याकडे पाठवायचा, ताबडतोब." तसंच चालतं आमचं. त्या औषधांनी थकलेल्यांना माझ्याकडे पाठवतात, आणि ज्याला माझा हात पुरणार नाही त्याला मी त्यांच्याकडे. ओळखणं एवढंच तर माझं खरं काम. तेल काय, कुणीही लावेल.

मला हे काम ज्यांनी शिकवलं त्या बाईंचा एक नियम होता, तो तुला कधी सांगितला नसेल. एक माणूस गेला आणि दुसरा यायचा असला की आम्ही हात धुऊन चक्क रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. ऊन असो, थंडी असो. पेट्रोलचा, ओल्या कपड्यांचा, कुणाच्या तरी करपलेल्या दुधाचा वास नाकाला नीट लागला की मगच आत यायचं. मला आधी हे नाटक वाटायचं. पण नवशिक्यांची एक चूक ठरलेली असते. दिवसभर त्या खोलीत राहून नाकाला सवय होते, वास येईनासा होतो आणि त्यांना वाटतं, तेलच कमी पडतंय. मग ते आणखी थेंब टाकतात. मग आणखी. बाहेरून येणाऱ्याचं डोकं गरगरतं आणि हे आपले आत छान बसलेले असतात. मीही एकदा तेच करत होते, तर बाई दारातूनच ओरडल्या, "अगं, नाक झोपलंय तुझं! बाटली ठेव आणि रस्त्यावर जा आधी!" बाहेर जाऊन परत आत आले तेव्हा कळलं, माझ्याच खोलीत मला श्वास घेता येत नव्हता.

गेल्या खेपेला तुझ्याकडे आले तेव्हा मला दुसऱ्या मजल्यावरच वास आला. तुझं घर तिसऱ्या मजल्यावर. तू दार उघडलंस तर आत नुसतं लॅव्हेंडरचं धुकं. उशीला, पडद्यांना, गणवेशाच्या कॉलरला, कानांवर लावायच्या त्या हेडफोनच्या फोमलासुद्धा. आणि तू मला विचारलंस, "ताई, खरं सांग, पातळ करून देतेस ना हल्ली? मला तर नुसतं पाणी वाटतं." मी तुझ्याकडे बघत राहिले. तू ओट्याशी उभ्या उभ्या जेवलीस. शेजारच्यांच्या घरी फोन वाजला तर तुझा हात टेबलावर गेला. मी खिडकी उघडली, तू लावलीस, मी पुन्हा उघडली, तू पुन्हा लावलीस आणि म्हणालीस, "बाहेर सायरन वाजतात." त्या दुपारभर एकही वाजला नव्हता गं. हे कधीपासून, असं विचारलं तर म्हणालीस, "काय कधीपासून? मी तर नेहमीसारखीच आहे." तू खोटं बोलत नव्हतीस. तुला खरंच वास येत नव्हता.

परतताना मला ते झाड आठवत राहिलं. मी वर चढून बसलेली आणि खालची फांदी मोडलेली. मी थोरली, पण भीतीने वाचा बसली होती. तू खाली उभी, चड्डीची नाडी लोंबतेय, आणि तोंड एक क्षण बंद नाही. "हात सोडू नकोस. माझ्याकडे बघ. बाबा शिडी घेऊन निघालेत." मग मांजरीबद्दल बोललीस, शाळेतल्या बाईंच्या चष्म्याबद्दल बोललीस, मोठ्या झाल्यावर आपण दोघींनी मिळून घ्यायच्या गाडीच्या रंगाबद्दल भांडलीस, आणि मधे मधे पुन्हा, "बाबा निघालेत." बाबा शिडी घेऊन दिसल्यावरच तू गप्प झालीस. तेव्हापासून तू टकळी. रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात तुला नोकरी लागली तेव्हा घरात सगळ्यांना हसू आलं होतं, आता हिला बोलायचे पैसे मिळणार! पण मला हसू आलं नाही. मला झाड दिसलं. तूच सांगितलं होतंस, तिथे काय बोलावं लागतं ते. फोन ठेवू नका. मदत निघाली आहे. माझ्याशी बोलत राहा. आणि पलीकडचा माणूस "पोहोचले" म्हणेपर्यंत तू फोन सोडत नाहीस. त्यानंतर मात्र तो माणूस जगला की गेला, तुला कधी कळत नाही. लगेच पुढचा फोन. हे तू एकदाच, भांडी घासता घासता बोलली होतीस, आणि लगेच म्हणाली होतीस, "जाऊ दे, सवय होते."

त्या सवयीचीच मला भीती वाटते.

काल संध्याकाळी मी फोन केला तेव्हा तू न बघताच उचललास आणि म्हणालीस, "घाबरू नका, पत्ता सांगा." मी म्हटलं, अगं, मी आहे. तू हसलीस. मग बाटली मागितलीस, या वेळी मोठी. मग मी झोपेचं विचारलं, तर म्हणालीस, "झोप येते कधी कधी. एखाद्या दिवशी सकाळी उठूच नये असं वाटतं, पण तो मेला अलार्म सोडतोय कुठे?" आणि पुन्हा हसलीस. म्हणजे काय, असं मी विचारलं, तर तुझा आवाज एकदम बदलला. सपाट, मऊ, गोड झाला. "ताई, विनोद होता. शांत हो बरं. एक दीर्घ श्वास घे." टकळे, तू मला सांभाळत होतीस. अनोळखी माणसांना ज्या आवाजात धीर देतेस, त्याच आवाजात. फोन ठेवला आणि मी तेलांच्या कपाटासमोर उभी राहिले. हात लॅव्हेंडरकडे गेला, खोटं कशाला सांगू. इतकी सोपी गोष्ट होती. मग मी कपाटाचं दार लावलं आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "उद्या सकाळची बस किती वाजता आहे?"

म्हणून हे पत्र टपालाने आलेलं नाही. मी ते बसमध्ये, मांडीवर पिशवी ठेवून लिहिलं आहे. अक्षराचं कारण हेच. फोनवर तू मला शांत करून टाकतेस आणि समोर आले की चहा टाकायला पळतेस, म्हणून तू आधी हे वाचावंस आणि मग माझं तोंड बघावंस, असं ठरवलं. तुझ्या साहेबांशी मी बोलले आहे. या आठवड्यात तुझ्या खुर्चीत दुसरं कुणी बसेल. त्यावरून काय भांडायचं ते माझ्याशी भांड, मी पुरून उरेन. उद्या आपण मनाच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. वेळ घेतली आहे, डॉक्टरीणबाईंच्या ओळखीच्या आहेत त्या, आणि मी बाहेरच्या बाकावर बसणार आहे. ते सकाळी न उठण्याचं तू मला हसून सांगितलंस, तेच त्यांना न हसता सांगायचं. तेल मी सोडलेलं नाही. पिशवीत एक बाटली आहे, साध्या बदामाच्या तेलाची, बिनवासाची. आज खिडक्या सताड उघडू, उशांचे अभ्रे बादलीत टाकू, आणि मी तुझी पावलं चोळत बसेन. बोलायचं असेल तर बोल, नाहीतर या वेळी मी बोलत राहीन. मला फारसं जमत नाही, पण मांजरीपासून सुरुवात करेन. या शेवटच्या ओळी तुझ्या दाराशी लिहून पत्र दाराखालून सरकवते आहे. जिन्यात आत्ताही लॅव्हेंडरचा वास आहे, तुला येत नसेल, मला येतोय. मी पोहोचले आहे गं. दार उघड.

तुझीच,
ताई