बिबड्यांपलीकडची बास्केट

भुसावळ,
सोमवार

तीर्थरूप द्रौपदाअक्कास भिकाचा सविनय जयभीम.

तुझा गुडघा आता बरा असेल असं धरून चालतो (माझा बरा नाही, पण तू विचारलंच नाहीस). हे पत्र दोंडाईच्यात शेजारपाजार गोळा करून मोठ्यानं वाच. तुझा भाऊ काल जिंकला!

वीस वर्षं रेल्वेकडून बास्केटबॉल खेळलो, देशाची जर्सी अंगावर चढली, पेपरात फोटो आले. निवृत्त झाल्यावर कॉलनीनं माझ्या सहा फूट चार इंचांचा उपयोग काय केला? पंख्याची पाती पुसायला बोलावतात. तेही केलं. पण सोसायटीचे चेअरमन नवलभाऊ मैदान फोडून तिथे गाड्या लावू म्हणाले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. सात पोरी तिथे माझ्याकडे शिकतात. त्यातली शिल्पा यंदा जिल्ह्याच्या संघात गेली. त्यांनी जायचं कुठे? नवलभाऊ म्हणे, इथे खेळतं कोण? फ्री थ्रोच्या रेषेवरून ओळीनं दहा बास्केट करून दाखवा, मैदान तुमचं. मी म्हटलं, दहाच? (ही खोड आबांची, तुला ठाऊक आहे.)

काल सकाळी अख्खी कॉलनी जमली आणि बघतो तर काय, शेजारच्या पुष्पाबाईनं पहाटेच बायका जमवून मैदानभर ज्वारीचे बिबडे वाळत घातलेले! रेषेपासून खांबापर्यंत ओल्या धोतरांवर पापडाएवढे ओले बिबडे. ओला बिबडा उचलला की त्याचा लगदा, हे तुला काय सांगायचं, तू दरसाल पायलीपायलीचे घालतेस. पुष्पाबाई काठी घेऊन बसलेली (कावळ्यांसाठी, असं ती म्हणते). शेवटी बास्केटखाली हातभर जागा होती तिथे शिल्पाला उभं केलं. आत गेलेला चेंडू ती झेलणार, हुकलेला बिबड्यांत जाणार.

अक्का, परदेशात खेळताना घेतला नाही एवढा वेळ काल पहिल्या चेंडूला घेतला. पण पहिला आत! दुसरा आत! पाचव्याला नवलभाऊंचं मिशीतलं हसू गेलं. नऊ झाले. दहावा हातातून सुटला आणि बायकांनी एकच गलका केला. मैदान वाचलं गं! शिल्पा रडली, मीही ढसाढसा रडलो, लाज कसली? नवलभाऊंनी स्वतः पेढे वाटले.

तुझा धाकटा,
भिका

ता. क. दहावा आत गेला नव्हता. कडीवर दोनदा फिरला आणि थेट पुष्पाबाईच्या बिबड्यांत पडला. नवलभाऊ नेमके तेव्हा चष्म्यावरचा घाम पुसत होते. मी खरं बोलायला तोंड उघडलं, तोवर पुष्पाबाई (माहेर धुळ्याकडचं) चेंडू पदराखाली घेऊन त्या लगद्यावरच बसली आणि ओरडली, "आतमा पडना! मी मना डोयानी देखं!" मागून बठ्ठ्या, झाडून साऱ्या बायका तेच: आत पडला, डोळ्यांनी बघितलं! मैदान गेलं असतं तर पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी बिबडे वाळवायचे कुठे?

ता. क. २ पुष्पाबाईचं लुगडं आणि बिबडे दोन्ही गेले, आणि तिचं तोंड फार दिवस बंद राहत नाही. तेव्हा तुझ्या हातच्या बिबड्यांचा मोठा डबा उद्याच्या गाडीनं पाठव. आणि ताजा कलम वाचण्याआधी शेजारपाजाऱ्यांना घरी पाठव. (हे वर लिहायला हवं होतं.)