दारातली आई

लोहारा, यवतमाळ
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. प्रियंकास,
सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे बरे आहोत. यांच्या वॉशिंग सेंटरवर दिवाळीत जेवायलाही फुरसत नव्हती, आता जरा निवांत आहे. विक्कीचा खोकला थांबला का? त्याला म्हणावं, नुसत्या गोळ्या गिळू नकोस, काढा पी. आईच्या गुडघ्यांना तू रोज तेल लावून देतेस, हे ती मला दर फोनवर सांगते. माझ्या हातून ते कधी झालं नाही, हेही त्यात आलंच.

पत्र बघून तुला नवल वाटलं असेल. फोन केला तर तू तो स्पीकरवर टाकून भाकरी थापतेस, आणि मला जे सांगायचं आहे ते सगळ्या स्वयंपाकघराला ऐकवायची माझी छाती नाही.

परवा विक्की म्हणाला, "ताई, प्रियंकानं फोटो काढणं सोडलं. म्हणते, मले जमतच नाही." मी म्हटलं, "असं कसं, हळूहळू जमेल." वर असंही म्हटलं की मी तिला शिकवीन. मग फोन ठेवला आणि दिवसभर उगाच घर आवरत राहिले. हे विचारतात, काय झालं? मी म्हटलं, पसारा झालाय.

दसऱ्याला विक्कीने गाडी आणली, तो दिवस डोळ्यांसमोरून जात नाही. जुनी का होईना, पण निळी, आणि पुसून पुसून आरशासारखी केलेली. बुद्धवंदना झाली, बोनेटवर पांढऱ्या फुलांचा हार चढला, सगळी गल्ली गोळा झाली. मी माझा मोठा कॅमेरा घेऊन सगळ्यांना "सरका, सरका" करत होते. तू मात्र मोबाईल घेऊन गुपचूप खाली बसलीस. आई गाडीच्या दारात बघून पदर सारखा करत होती. तिच्यामागे उभी असलेली माणसं, पोरं, पताका, सगळं त्या निळ्या दारात उतरलं होतं. तू ते टिपलंस.

संध्याकाळी मला पाठवलंस आणि लिहिलंस, "ताई, खरं खरं सांगजा. चुकलं असन तं तेही सांगजा."

मी सांगितलं, "गाडीचा फोटो म्हणजे गाडी दिसली पाहिजे. दारात आईचं काय काम? प्रतिबिंब येऊ द्यायचं नाही. गाडी मोकळ्या भिंतीसमोर लाव आणि पुन्हा काढ."

यात खोटं काही नाही, असं मी इतके दिवस स्वतःला समजावत आले. सगळेच शिकवणारे हे सांगतात. पण प्रियंका, तो फोटो उघडला तेव्हा मला नियम आठवलाच नव्हता. मी आईकडे बघत बसले होते. चहा गार झाला तरी बघत होते. इतकी वर्षं मी धुतलेल्या गाड्यांचे फोटो काढते, आमच्या फोटोग्रुपवर टाकते, लोक अंगठे देतात. तसा एक फोटो मला कधी मिळाला नाही, आणि तुला सहज मिळाला. मला ते सोसलं नाही. नियम मला नंतर आठवला, आणि कामाला आला.

तू बिचारी माझं ऐकलंस. भिंतीसमोर गाडी लावून पुन्हा फोटो काढलास आणि ग्रुपवर टाकलास. गाडी छान स्वच्छ दिसत होती, विकायला काढल्यासारखी. अंगठा दिला तो एकट्या मीच.

आता पुढचं. दिवाळीनंतर आई डोळे दाखवायला माझ्याकडे आली होती ना, तेव्हा सेंटरवर एक काळी गाडी धुऊन उभी होती. मी आईला तिच्यासमोर नेऊन उभं केलं आणि म्हटलं, दारात बघून पदर सारखा कर. आई म्हणाली,

"असा फोटो तं प्रियंकानं काढला ना वं माय. आता अजून कायले?"

मी म्हटलं, "आई, तू बोलू नको. दाराकडे बघ."

तो फोटो ग्रुपवर किती गाजला, तू पाहिलंस. यवतमाळच्या प्रदर्शनात निवडला गेला. "काय कल्पना आहे मॅडम!" असं जो तो लिहीत होता, आणि मी सगळ्यांना हात जोडत होते.

तू मात्र मला एकटीला लिहिलंस, "ताई, फोटो मस्त आला जी. एक सांगू का? आईले माहीत हाये, तुम्ही फोटो काढून राह्यले म्हणून. त्यायचे खांदे ताठ झाले. नकळत काढला असता तं अजून मस्त आला असता."

फोटो मुळात कुणाचा, याबद्दल एक अक्षर नाही. फक्त माझा फोटो सुधारावा म्हणून लिहिलेलं. आणि अगदी बरोबर. एवढ्या शहाण्या ग्रुपमध्ये ते कुणालाच दिसलं नव्हतं.

मी काय उत्तर दिलं, ते लिहायला पत्र इथवर ओढत आणलं. मी लिहिलं, "तुला अजून बरंच शिकायचं आहे, प्रियंका."

दुसऱ्या दिवशी तू ग्रुप सोडलास.

काल मी प्रदर्शनातून माझा फोटो काढून घेतला. कल्पना माझ्या भावजयीची होती आणि तिला मीच ती टाकून द्यायला लावली, असं ग्रुपवर लिहिलं. कुणीतरी नुसतं "ओके" लिहिलं. आईलाही फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मले कायले सांगून राह्यली? तिले सांग."

विक्की म्हणाला, तू तुझा तो पहिला फोटो दसऱ्याच्याच दिवशी डिलीट केलास. माझ्या मोबाईलमध्ये तो अजून आहे. वाईट म्हटलेला फोटो कुणी असा जपून ठेवतं का गं? त्याची प्रत काढून या पाकिटात घातली आहे. मागे तुझं नाव लिहिलं आहे.

तू खरं खरं विचारलं होतंस, ते आता सांगते. पुढचं चाक अर्धं कापलं गेलं आहे, एक पाऊल मागे सरायला हवं होतं. फोटो किंचित डावीकडे कललाय. उन्हाने बोनेट पांढरं पडलंय, थोडं थांबली असतीस तर रंग आला असता. एवढंच. दारातल्या आईला हात लावायचा नाही.

माफ कर, असं लिहिणार होते. पण तू लगेच "जाऊ द्या ना ताई" म्हणशील आणि मी सुटेन. तसं करू नकोस. पाहिजे तितकी रागव, पाहिजे तर बोलू नकोस. फक्त माझ्यामुळे फोटो काढणं सोडू नकोस, एवढं ऐक. याआधी माझं ऐकलंस ते चुकलं होतं.

तुझी ताई म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
सत्यशीला