तिप्पण्णाचे बळ सहा

सोलापूर,
ता. २ जुलै १९७८

चि. चन्नवीर यास,

मामाचे अनेक आशीर्वाद, आणि मामीचे त्याहून दोन जास्त (ती मागे उभी राहून वाचते आहे, म्हणून). तुझे पोट बरे आहे ना? तिकडे अमेरिकेत डब्यातले अन्न खाऊन माणूस डब्यासारखा दिसू लागतो असे मामीचे मत आहे, तेव्हा एक फोटो पाठव. आम्ही खुशाल. माझा गुडघा जिना दिसला की रुसतो आणि जिना संपला की हसतो, एकूण त्याचे बरे चालले आहे. पत्र लिहिण्याचे कारण एवढेच की तू मागवलेला माणूस तयार झाला. बाकी काही काम नाही.

तुझे पत्र तीन वेळा वाचल्यावर खेळ थोडाफार कळला. तुम्ही सातजण रविवारी टेबलाभोवती बसणार, तू गुहा रचून तिच्यात राक्षस बसवणार, आणि बाकीचे आपापल्या मनातला एकेक माणूस घेऊन तिच्यात शिरणार. एक गडी कमी पडला, तेव्हा तुला भरवताना राक्षसांच्या गोष्टी सांगणारा मामा आठवला. माणूस करून पोस्टाने पाठवा, चाल मी खेळेन, असे तू लिहिलेस. तुला लिहायला काय जाते! एकतीस वर्षे मी नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या रजिस्टरवर बसलो. शहरातली निम्मी माणसे माझ्या हाताखालून गेली, पण स्वतः एकही माणूस निर्माण केला नव्हता (आम्हांला मूलबाळ नाही हे तुला ठाऊकच आहे, त्यामुळे या कामात मामीने किती रस घेतला हे वेगळे सांगत नाही).

मला हवा होता लढवय्या. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची ती उंच, जड काठी कमरेला लावून जो पाऊल टाकतो, तसा. मी विसाव्या वर्षी सरावात ती लावून घेतली होती, तेव्हा माझे पाय असे लटपटले की चौघांनी धावत येऊन काठी सोडवली. तुझी आई ते अजून पाहुण्यांना सांगते. निदान कागदावर तरी ती कसर भरून काढावी म्हणून हातपाय धुऊन, विभूती लावून, तू पाठवलेले फासे टाकायला बसलो. तीन फासे, सहा गुण, जसे पडतील तसे लिहायचे. बळ ६. बुद्धी १६. शहाणपण १३. चिवटपणा ८. चपळाई ५. आणि लोकांवर छाप पाडण्याची ताकद १७. म्हणजे काय झाले? पिशवी उचलता येत नाही, जिना चढता येत नाही, पण बोलायला बसला की चार लोक जमतात. मामी म्हणाली, हे तर तुम्हीच. मी फासे पुन्हा उचलले तर तिने माझा हातच धरला. "अय्यो शिवने! लेकरू हाय तसं घ्यायचं असतंय की. परत कुटं करत्यात?"

तेव्हा लढवय्या गेला आणि मंत्रविद्या शिकणारा आला. चार तोंडांचा फासा टाकून त्याचा जीव किती ते काढले, तीन निघाला. तू लिहितोस की एक बाण नीट लागला तरी तीन जातो. मामीचे डोळे भरून आले (कांदा चिरत होती असे ती म्हणते). नाव मी रणधुरंधर सुचवले. बळ सहाच्या माणसाला हे नाव पेलणार नाही म्हणून तिने तिप्पण्णा ठेवले. वयापुढे चोवीस, शिक्षणापुढे 'चालू आहे'. गावाशिवाय माणसाला दारात कोण उभे करील, म्हणून गावापुढे तिने 'सध्या अमेरिका' लिहिले. सामानात दोरखंड, दिवटी, एक दहा फुटी काठी (कशाला ते तू पाठवलेल्या नियमांच्या पुस्तकातही नाही), भाजीची सुरी, आपली एक चादर. आठवडाभर न बिघडणारे कोरडे अन्न घ्यावे असा नियम आहे, त्यापुढे कडक भाकरी. महिनाभर टिकते, वेळ पडली तर राक्षसाला फेकूनही मारता येते.

तो कागद मी शाई वाळावी म्हणून ओसरीतल्या बाजेवर ठेवला, आणि तिथेच घात झाला. आपल्या बोळातला सोमलिंग, जो लग्ने जमवतो आणि कधीकधी ती टिकतातही, चहाची वाट पाहत त्या बाजेवर बसला. त्याने कागद वाचला. मुलगा कुठे असतो, असे त्याने आत ओरडून विचारले. मामीचे लक्ष तव्यावर. आपल्या चन्नवीरजवळ, ती म्हणाली. लग्न झाले का? अजून कुटलं लगीन! बळ सहा याचे सोमलिंगला काहीच वाटले नाही, परदेशात असे लिहीत असतील. चहा न पिता गेला, यावरूनच मला संशय यायला हवा होता.

गुरुवारी दारात टांगा. मंद्रूपचे शेंगतेलाच्या घाण्याचे मालक चनमल्लप्पा, त्यांचे थोरले बंधू सिद्धप्पा, ज्यांच्यापुढे त्या घरात कुणी खोकत नाही, आणि चनमल्लप्पांची मुलगी बसव्वा, यंदा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. मी खरे सांगायला तीनदा तोंड उघडले. तिन्ही वेळा मामीने माझ्या ताटलीत चुरमुऱ्यांचा सुशीला वाढला. मला तिचा राग आला होता, पण नंतर म्हणाली, "तीस वरसांत आपल्या दारात कोन पोराला बघाय आलं व्हतं व्हय?" मग राग राहिला नाही. सिद्धप्पांनी जमीन विचारली नाही, घर विचारले नाही, छाप १७ वर बोट ठेवून खूश झाले. "अमेरिकेतला पोरगा म्हंजे पोरगी शिकलेली लागंल. तो येईस्तवर तिला फुडं शिकू द्या." चनमल्लप्पा मात्र चष्मा लावून बराच वेळ कागद पाहत राहिले.

हात धुवायला मागच्या नळावर गेलो, तर बसव्वा मागोमाग. "काका, सगळे आकडे तीन ते अठराच्या मधलेच हायती. तीन फासे टाकून केलाय व्हय ह्यो माणूस?" एकतीस वर्षांत माझी नोंद कुणी अशी पकडली नव्हती. मी सगळे कबूल केले. ती पोट धरून हसली. मग हसायची थांबली. थोरल्या काकांनी जेऊरचे स्थळ ठरवत आणले होते, तिप्पण्णा नसला तर येत्या पंधरा दिवसांत अक्षता. कोल्हापूरला एम.एस्सी.चे प्रवेश पंधरा तारखेला बंद होतात. "दोन वरसं असू द्या की त्याला," ती म्हणाली.

चन्नवीर, मी न जन्मलेल्याची नोंद कधी केली नाही. पोरीचे वाईट वाटते, पण तिच्या बापाला फसवणे माझ्याने होणार नाही. बाजारच्या दिवशी मंद्रूपला जाऊन चनमल्लप्पांना खरे सांगून टाकणार, हे नक्की. कागद सोबत आहे. प्रकृतीस जप, कानाला वारा लागू देऊ नकोस.

तुझा,
मल्लिकार्जुनमामा

ता. क. : पत्र पेटीत टाकायचे राहिले ते बरे झाले. काल मंद्रूपला जाऊन आलो. सिद्धप्पा पुढे गिऱ्हाइकांवर ओरडत होते. चनमल्लप्पांनी मला पोत्यांच्या मागे नेले. मी म्हणालो, तो मुलगा... तोच ते हळूच म्हणाले, "अण्णा, बळ सहा म्हंजे लई कमी हाय की. आन जीव तीनच. बसव्वानं समदं समजावलं मला." "थोरल्याफुडं मी आजवर तोंड उघडलं न्हाय. आता ह्या वयात कुटनं उघडू? तुमचं पोरगं बोलतंय माज्या वतीनं, तर बोलू द्या. तेवढं त्याला मागं चालवा." मी काही न सांगता परत आलो. एकतीस वर्षांची अब्रू गेली, आणि खरे सांगतो, जेवण गोड लागले.

ता. क. दुसरा : तेव्हा आता काम सांगतो. गुहा तुझी, राक्षस तुझे. जून १९८० मध्ये बसव्वाचा निकाल लागेपर्यंत तिप्पण्णा मरता कामा नये. त्याला दिवटी धरू दे, स्वयंपाक करू दे, पण पुढे पाठवू नकोस. तो मेला तर जिवंत आहे असे माझ्याने सांगवणार नाही, म्हणजे तुझ्या एका बाणाने पोरगी जेऊरला जाईल. कोल्हापूरला जाण्याआधी, काल मंद्रूपलाच, तिने स्वतःचा माणूसही करून दिला आहे, लढवय्यी, बळ १७ (माझ्यासमोर टाकले, लबाडी नाही). तोही कागद सोबत आहे. टेबलावर एक खुर्ची वाढव आणि हिला त्याच्या पुढे चालव.

ता. क. तिसरा : निघताना चनमल्लप्पांनी धोतराच्या सोग्याखालून एक पुडा काढून माझ्या पिशवीत टाकला. "यादीत नुसती भाकरी लिवलीय, अण्णा. कोरडी कशी जाईल?" मामी तो आम्हांला फोडू देत नाही. तेव्हा तिप्पण्णाच्या सामानात वाढव : शेंगाचटणी, एक पुडा, सासरकडून.