तळ्याचं पाणी तू पास केलं नव्हतंस

प्रिय आत्या,

तुझ्यावर लिहिलेल्या लेखातलं माझं एक वाक्य चुकलं आहे. ‘आमच्या गावच्या तळ्याचं पाणी निर्दोष असल्याचं त्यांनी सिद्ध केलं,’ असं मी लिहिलं. तू असं कधीच म्हणाली नव्हतीस. तुझं म्हणणं एवढंच होतं की उन्हाळ्यात घेतलेल्या पाण्यात कीटकनाशक सापडलं नाही. फवारणीनंतरचं पाणी आणि तळाचा गाळ तपासायचा राहिला आहे. या दोन्हींत केवढं अंतर आहे! तुझ्याच भाचीला ते कळू नये?

तू गेल्यावर साप्ताहिकाने मजकूर मागितला तेव्हा खिडकीत अजून तुझी औषधं तशीच होती. इतक्या वर्षांचं तुझं काम अर्धवट राहिलं, असं लिहायला हात धजेना. म्हणून मी ते एका वाक्यात पूर्ण करून टाकलं. छान लिहिलंस म्हणून लोकांचे फोन आले, आणि मला बरं वाटलं, आत्या.

खऱ्या शाळेआधी दोन वर्षं तूच माझी शाळा होतीस. आदिलाबादच्या घरात तांदूळ निवडता निवडता शिकवायचीस. मी म्हणायचे, मांजर उपाशी आहे. तू विचारायचीस, “पाहिलंस, की नुसतं वाटलं?” मी रडकुंडीला यायचे, तरी सोडायची नाहीस. लेख लिहिताना हे मला कुणी का विचारलं नाही?

मुधोळजवळच्या आपल्या गावी तू पहिल्यांदा पाणी घ्यायला आलीस तेव्हा दत्तादादा बर्फाची पेटी धरून मागे होता. आपली शेती तोच बघतो. पुढच्या खेपेला गाळही न्यायचा, असं तू म्हणालीस, तर पाणी आरशासारखं आहे, मग चिखलाची काय गरज, असं त्याने विचारलं. तू समजावलंस की कपाशीच्या पऱ्हाटीवर मारलेलं औषध पावसाबरोबर वाहत येतं आणि काही गाळाला धरून राहतं. गाळातल्या अळ्या मासे खातात, मासे बगळे खातात आणि आपणही. दादा म्हणाला, “मंग बगळ्यालेच इचारा ना, आत्या. बाटल्या काऊन भरून राह्यल्या?” किती हसली होतीस!

त्याच वर्षी दसऱ्याला एका आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. गाव नव्या निर्मल जिल्ह्यात गेलं, आपण आदिलाबादेत राहिलो. पुढच्या तपासणीसाठीचा तुझा अर्ज इथल्या कचेरीने तिकडे न्या म्हणून परत दिला, आणि तिकडे अजून टेबलं-खुर्च्या लागत होत्या. “तळं जागेवर आहे, जिल्हाच उठून गेला,” म्हणालीस. हसतच म्हणालीस, पण फवारणीचा हंगाम हातचा गेला.

पुढच्या पावसाळ्यात तू जाऊन ये, बाटल्या कपाटात धुऊन ठेवल्यात, असं दवाखान्यातून तू मला दोनदा सांगितलंस. मी म्हटलं, तू बरी हो, दोघी जाऊ. तुला ते प्रेम वाटलं असेल. खरं तर मला एकटीने कचेरीत बोलायची भीती वाटत होती.

तुझ्यावरही थोडा राग आहे, सांगू? एकेका आकड्याची तीनदा खात्री करणारी तू. स्वतःचं दुखणं मात्र ‘उगीच वाटतंय’ म्हणून का सोडून दिलंस?

परवा गावी गेले. तळ्याच्या काठाला मासे मरून लागले होते आणि पोरं ते टोपलीत भरत होती. मी त्यांना अडवलं, तर दादाने मला मारुतीच्या देवळात नेलं. तिथे भिंतीवर माझा लेख चिकटवलेला आहे.

“तूच लिवलं ना, पानी निर्दोष हाय म्हून? मंग आता काऊन भेऊन राह्यली?”

ते बरोबर नव्हतं, मी म्हटलं.

“मंग खोटं कोन बोललं? तू, का आत्या?”

“मी.”

तो देवळाच्या पायरीवर बसला. मग हळू आवाजात सांगू लागला की बोअर बिघडला की वहिनी तळ्याकाठी खणलेल्या झिऱ्यात झिरपलेलं पाणी भरते. लेकरं तेच पितात. आत्याने पास केलंय म्हणून निर्धास्त.

मासे औषधानेच मेले, असंही मला म्हणता येत नाही. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तरी ते मरतात, हे तूच शिकवलंस. पण कशानं मेले ते माहीत नसताना झिऱ्याचं पाणी पीत राहा, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

साप्ताहिकाला दुरुस्ती पाठवली आहे. कोपऱ्यात छापू म्हणाले. पण देवळातला कागद ज्यांनी वाचला, त्यांच्यासमोर बोलल्याशिवाय ती दुरुस्ती होणार नाही. दादाला भीती वाटते की लोक तुझ्या नावाला बोल लावतील. मलाही वाटते. तुझं नाव सांभाळायला म्हणून गप्प राहिले तर ते तुला आवडेल का? विचारते खरी, पण उत्तर मला माहीत आहे.

सोमवारी पोळा. आदल्या दिवशी खांदमळणीला बैल धुवायला सगळं गाव तळ्यावर जमतं. बैल पाण्यात उतरायच्या आधी मी काठावर उभी राहणार आहे. माझं वाक्य चुकलं, आत्याचं नाही, हे सांगेन. तपासणी होईपर्यंत झिऱ्याचं पाणी पिऊ नका, मासे खाऊ नका, बोअर सध्या चालू आहे, बैल तिथेच धुवा, असं सांगेन. कुणी चिडेल, कुणी हसेल. तरी बोलेन, आणि मग पाणी आणि गाळ दोन्ही भरून घेईन. वचन देते, आत्या: येत्या रविवारी, खांदमळणीच्या सकाळी.

तुझी भाची,
वैजू