अव्वा कार्यक्रमाला आली होती

शिवपुत्रा,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही.

काल सोलापुरात तुझा जॅझचा कार्यक्रम झाला. तू बोलावलं नव्हतंस, तरी मी आपल्या अव्वाला, आपल्या आईला, घेऊन आले होते. तू दोन्ही हातांची बोटं गिटारच्या दांडीवर पियानोसारखी नाचवलीस, तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला होता. मग एका चाहत्यानं विचारलं, "ही पद्धत सुचली कशी?"

तू डोळे पुसत म्हणालास, "आई लहानपणीच गेली. एकटेपणात एका हाताला दुसऱ्याची सोबत दिली."

सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. मी खुर्चीतून उठले नाही.

शेजारच्या खुर्चीतली मुलगी रडत अव्वाला म्हणाली, "बिचाऱ्याला आई नाही हो."

"व्हय की, लई वाईट झालं बघ," अव्वा म्हणाली आणि तीही टाळ्या वाजवू लागली.

रिक्षात मी तुला शिव्या घातल्या, तर तिनं मलाच गप्प केलं. "त्याला काय बी लिहू नको. लोकं लबाड म्हणतील त्याला." म्हणून हे पत्र पाठवणार नाही. पण तुझी शिसारी आली रे मला.

आज सकाळी शेजारणीनं कार्यक्रम कसा झाला म्हणून विचारलं. अव्वा म्हणाली, "मी कुटं गेले? पाय दुखत होता."

जिवंत अव्वाची लेक,
भुवनेश्वरी