मागचा बॅनर

रविवार संध्याकाळ, दिंडोशी

शी! किळस आली आज मंडळाची. सभासदांची नवी यादी आणि स्पॉन्सरची फाइल, दोन्ही कामं एकाच बैठकीत. गोविंदांना टी-शर्ट देणारा बिल्डर यंदाही हवाय. म्हणून गेल्या वर्षी त्याचा बॅनर कसा झळकला, त्याचे फोटो जोडायचे. अध्यक्ष विलासदादांनी कुठला काढावा? गण्या पाचव्या थरावरून पडतानाचा! गण्या हवेत, मागे बॅनर लख्ख.

"यात नाव पूर्ण दिसतंय ना," म्हणे.

गण्या अजून कुबडी घेऊन चालतो. यादीतून त्याचं नावही उडवलं. "चढणार आहे का तो आता?" हाच माणूस हॉस्पिटलात रडला होता. खरंच रडला होता का?

आणि मी? "दादा, दुसरा बघूया ना," एवढंच पुटपुटलो. मग तोच फोटो मीच चिकटवला. मागे बॅनर लख्ख.

तेवढ्यात गण्या आला. फोटो बघितला. वाटलं, आता शिव्या घालणार. घालायला हव्या होत्या रे.

"बॅनर झकास आलाय," म्हणाला. "माझा टी-शर्ट यंदा एक्सेल सांग हां. बसून बसून वजन वाढलंय."