तपासणी कुणाची, अक्का?

प्रिय अक्का,

आज दुपारी मी कॉलेजात रडले. मुलांपुढे नाही, काचेमागे. आमच्या विभागात एक खोली आहे. तिच्या एका भिंतीला अशी काच आहे की बाहेरच्याला आतलं दिसतं, पण आतल्याला बाहेरचं दिसत नाही. मुलं तिथं मुलाखत घ्यायचा सराव करतात आणि मी मागे बसून गुण देते. आज एकीनं समोरच्या मुलीला विचारलं, "घरी कसं आहे?" ती म्हणाली, "सगळं ठीक आहे." विचारणारीनं मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. तिचे गुण कापायला मी पेन उचललं, तर कानात फोनवरचं तुझं तेच नेहमीचं उत्तर. "बठ्ठं बरं शे, लहानी." मग कसले गुण आणि कसलं काय! म्हणून हे पत्र लिहायला बसले.

तू गेल्याला सहा महिने होत आले, पण तुझ्यावरचा राग काही जात नाही. हो, राग! मानसशास्त्राची विभागप्रमुख झाले म्हणून मला राग येऊ नये की काय?

आठवतं, दुबईची ही नोकरी मिळाली तेव्हा आपल्या आबांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले होते? विद्यापीठ इंग्लंडचं, पण त्याची शाखा दुबईत, आणि त्या शाखेतला मानसशास्त्र विभाग मी चालवणार. आबा म्हणाले, "शाखा म्हंजे बँकना मायक का?" आणि तू लगेच, "मंग आपली लहानी शाखाधिकारी व्हयनी!" पुढे कितीतरी दिवस तू फोन उचललास की "बोला शाखाधिकारी" असंच म्हणायचीस.

पण माझं दुखणं तुलाच कळायचं. तू अमळनेरजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका, मी इथं प्रमुख. आपण दोघी हेडमास्तरणी! आमची प्रश्नपत्रिका इंग्लंडहून तयार होऊन यायची आणि तिच्यात बर्फात अडकलेल्या शेजाऱ्याला मदत कोण करेल, असा प्रश्न असायचा. आमच्या मुलांनी बर्फ पाहिला तो सरबतात. बर्फाच्या जागी वाळू घालायची तरी इंग्लंडची मंजुरी हवी. तू खदखदून हसलीस. म्हणालीस, "आम्हाले तालुकाले इचारनं पडस, तुले इलायतले. फरक काय शे?"

तू पाठवलेले ज्वारीचे बिबडे मी विभागात तळून न्यायची. कैरोची बाई आणि कोचीचा सर त्यावर तुटून पडायचे. शेवटचा डबा अजून माझ्या कपाटात आहे. तो उघडायचा मला धीर होत नाही.

आता त्या फोनचं बोलते. नाहीतर सगळं लिहीन आणि तेवढंच राहून जाईल.

आमच्या विभागाची तपासणी होती. इंग्लंडहून माणसं येणार, कागद बघणार, मुलांशी बोलणार आणि विभाग चालू ठेवायचा की नाही ते ठरवणार. माझ्या जिवाला नुसता घोर. तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "आठे बी तपासणी शे."

मला वाटलं, शाळेची! दुसरं काय वाटणार? आपल्या घरात तपासणी म्हणजे शाळेचीच. लहानपणी तुझ्या शाळेत साहेब यायचे, त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मी विचारलं, "साहेब कोठला?"

"जळगावना."

"कडक शे का?"

तू जरा थांबलीस. आता कळतं, का थांबलीस. मग म्हणालीस, "कडक शे, पन मानूस चांगला शे."

मी म्हटलं, "मग काय, तू पास!" आणि तू हसलीस. हसलीस, अक्का! त्या जळगावच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाकावर बसून, हातात फाइल घेऊन. आबांनी नंतर सांगितलं. मी माझंच पुराण पुढे चालू केलं आणि तू ते शेवटपर्यंत ऐकून घेतलंस.

आमचा विभाग पास झाला. तुला सांगायला फोन लावला तर आबांनी उचलला. म्हणाले, अक्का झोपली आहे. त्यानंतर तू उठलीच नाहीस. मी पोचले तेव्हा दुखवट्याला दारावर आलेल्या बायका ओट्यावर बसल्या होत्या आणि आत तू नव्हतीस. तुझं तोंडसुद्धा मला बघायला मिळालं नाही. आबा म्हणाले, "तिनीच सांगेल व्हतं, लहानीले काही सांगानं नही. तिनी तपासणी व्हई जाऊ द्या, मंग सांगू."

कुणी सांगितलं होतं तुला एवढं शहाणपण करायला? आई गेल्यावर माझ्या वेण्या घातल्यास, माझी फी भरलीस, तेवढं पुरे नव्हतं? एक विभाग बंद पडला असता तर पडला असता. मला दुसरा मिळाला असता. दुसरी अक्का कुठून आणू?

आज संध्याकाळी आबांना फोन केला. कसे आहात, विचारलं. ते म्हणाले, "बठ्ठं बरं शे."

रोज मी इथंच फोन ठेवते. आज ठेवला नाही. पुन्हा विचारलंही नाही, नुसती गप्प बसून राहिले. मुलांना मी हेच शिकवते, घरी कधी केलं नव्हतं. पलीकडे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. बऱ्याच वेळानं आबा म्हणाले, "घर खावाले उठस, बेटा." आणि मग हळूच, "जिना चढताना दम बी लागस."

मी लगेच तिकीट काढलं. अमळनेरला पोचले की दुसऱ्या दिवशी आबांना जळगावला नेणार, तुझ्याच त्या कडक साहेबांकडे. इंग्लंडच्या आमच्या वरिष्ठ बाईंना फोन करून सांगितलं, सुट्टी हवी, घरी तपासणी आहे. त्यांनी पटकन विचारलं, "कुणाची?"

बघ अक्का, एवढाच प्रश्न होता. सात समुद्रांपलीकडची बाई विचारून गेली आणि मला तो सुचला नाही.

आता तुला शब्द देते. आबा आत असतील तेव्हा बाहेरच्या बाकावर मी बसेन, हातात फाइल घेऊन. कुणाचा फोन आला आणि त्यानं विचारलं, की कसं आहे, तर जे असेल ते सांगेन. बठ्ठं बरं शे, असं म्हणणार नाही.

तुझी,
लहानी